गैरहजेरीची दखल
(उत्तरायुष्याचे प्रश्न : लेखांक पाचवा)

वार्धक्यातील निर्वाहाच्या साधनांचा विचार मागील लेखांकात झाला. परंतु अन्नवस्त्राची ददात नसतानाही जे एक दारिद्र्य वृद्धांच्या, आणि विशेषतः वृद्ध विधवांच्या वाट्याला येते, ते कोणत्याही सरकारी अनुदानाने फिटण्यासारखे नाही, आणि त्याचीच मीमांसा प्रस्तुत लेखांकात करावयाची आहे.

विधवांच्या दुःखाविषयी महाराष्ट्र उदासीन राहिला, असे कोणी म्हणणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदासदन, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम, आणि करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये केलेला पुनर्विवाहाचा कायदा ही परंपरा कोणत्याही प्रांताला भूषणावह ठरावी अशी आहे. इतकेच नव्हे, तर १९१८ मध्ये पुत्र निवर्तल्यावर बालवयातच विधवा झालेल्या स्नुषेच्या, इंदुमतीदेवींच्या, शिक्षणाची व्यवस्था करून शाहू महाराजांनी या सुधारणेचा प्रारंभ स्वतःच्या वाड्यापासून केला. तथापि या साऱ्या सुधारकांच्या दृष्टीपुढे मुख्यत्वे तरुण विधवा होती, आणि विवाह, विद्या व स्वतंत्र उपजीविका हे त्यांनी योजिलेले उपायही तिच्याच वयाला साजेसे होते. साठी उलटलेली विधवा मुलानातवंडांत सुरक्षित आहे, असे गृहीत धरले गेले. आज आयुर्मान वाढले आहे, पती वयाने वडील असण्याची रीत कायम आहे आणि स्त्रिया पुरुषांहून अधिक जगतात. त्यामुळे वैधव्य हा आता प्राधान्याने उतारवयाचाच प्रश्न होऊन बसला आहे.

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री हे गाव या दृष्टीने न्याहाळण्याजोगे आहे. दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचे नाव धारण करणारा सहकारी साखर कारखाना येथे आहे, सभोवार उसाचे रान आहे, आणि कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरील वर्दळ रात्रीपर्यंत ओसरत नाही. अशा गावात म्हातारीला एकटेपण कसले, असे परक्याला वाटेल. परंतु माणसे भोवती असणे आणि त्या माणसांत आपल्याला काही निमित्त असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पती गेल्यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होते, ओटी भरण्याचा मान जातो, लग्नघरी आशीर्वाद द्यावयाची ती बाई माजघरात बसून राहते. आणि कोणी तिला कठोर शब्दाने दुखवले नसतानाही तिची जाण्यायेण्याची निमित्ते एकेक करून निकालात निघतात.

दस्तऐवजांची गतही निराळी नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा ही मुलामुलींच्या बरोबरीची वारस आहे. परंतु तलाठ्याच्या दप्तरी फेरफार पडण्याच्या सुमारास ती पुष्कळदा मुलाच्या नावे हक्कसोडपत्रावर अंगठा उठवते, कारखान्याचा शेअरही त्याच्याच नावे चढतो, आणि जिच्या सहीवाचून घरातले काही अडत नाही, तिचा सल्लाही हळूहळू अनावश्यक ठरतो.

याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि १७ मे रोजी ग्रामविकास खात्याने सर्व ग्रामपंचायतींना तसे परिपत्रक धाडले. त्या ठरावाची थोरवी निःसंशय आहे. मात्र ठरावाने अपमान थांबतो. तुटलेला संबंध पुन्हा जुळावयास नित्याचे काही काम लागते.

असे काम या परिसरात आहे, आणि ते सुधारणेच्या हेतूने निर्माण झालेले नाही, हे विशेष. गावोगावच्या दूध संस्थांत सकाळ-संध्याकाळ दूध घालावयास जाणाऱ्या बायांत विधवा असतात. तेथे सौभाग्याची चौकशी कोणी करीत नाही, फॅट किती लागली एवढेच पाहतात. वहीत नाव असते, त्या नावावर बिल निघते, आणि एखादी बाई सकाळी आली नाही तर ‘आक्का आज का आल्या न्हाईत?’ असा प्रश्न सहज निघतो. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याच्या निमित्ताने, आणि भजनी मंडळात टाळाला टाळ देण्याच्या निमित्ताने, हेच घडते. जेथे आपल्या गैरहजेरीची दखल घेतली जाते, तेथेच मनुष्य समाजात असतो, असे मला वाटते. एस.टी.ने ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवासाची सोय केली, तिचा खरा उपयोगही जिला आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनास सोबतिणी आहेत, तिलाच होतो.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बोस्टन शहरी फिलिस सिल्व्हरमन या विदुषीने नव्याने विधवा झालेल्या स्त्रियांकडे जुन्या विधवांनाच धाडण्याचा उपक्रम चालविला. ज्या दुःखातून आपण पार पडलो त्याची वाट दुसरीला दाखविणे, हे काम वैद्याहून अनुभवी स्त्रीलाच अधिक साधते. आणि त्यात धीर देणारीलाही गावात पुन्हा एक अधिकार लाभतो.

म्हणून वृद्ध विधवांसाठी एखादे विरंगुळा केंद्र बांधून त्यांना त्यात बसविण्यापेक्षा, गावच्या चालत्या व्यवहारात त्यांना जबाबदारीची जागा द्यावी. दूध संस्थेचे सभासदत्व पतीमागे मुलाच्या नावे चढविण्याआधी तिला विचारावे. निराधार अनुदानाचा अर्ज आणि हयातीचा दाखला यांच्या कामी नवख्या विधवेबरोबर जुन्या विधवेने कचेरीत जावे. आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण द्यावयाचेच असेल तर ते सर्वांना द्यावे. यांपैकी कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही. दयेने दिलेली भेट दोन महिन्यांत विरळ होते. जिच्यावाचून काम अडते तिच्या दाराशी मात्र माणसे आपण होऊन येतात.

पुढील लेखांकात पत्नीमागे एकट्या राहिलेल्या वृद्ध पुरुषांचा विचार करू. कारण चावडीवर त्यांची उठबस चालू असली तरी घरात त्यांना बोलावयास कोणी उरलेले नसते.