छातीतली धडधड : कधी थांबायचं, कधी धावायचं

तोरणा १,४०३ मीटर उंच. वेल्ह्यातून गड चढायला लागलं की पहिल्याच टेपाडावर छाती धडधडू लागते. पायांच्या स्नायूंना जादा प्राणवायू लागतो, म्हणून हृदय ठोके वाढवतं. सावलीत टेकलं की काही मिनिटांत ते ओसरतात. ही धडधड निरोगी आहे.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. तिथून निघणाऱ्या विजेच्या संदेशावर ठोके पडतात. स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला साधारण ६० ते १००. एखादा संदेश भलत्याच जागेहून, वेळेआधी निघाला तर क्षणभर खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. जागरण, काळजी, चहाचा अतिरेक, तंबाखू यांनी असे ठोके वाढतात. हृदय निरोगी असेल तर त्यांपासून सहसा धोका नसतो.

मात्र भातलावणीच्या दिवसांत एखाद्या बाईला थोड्याशा कामानेही धाप आणि धडधड होत असेल, तर शीण म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन घटलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त राबावं लागतं. थायरॉइडचा विकार, किंवा लहानपणी सांधे धरून आलेल्या तापाने आकसलेली झडप हेही कारण असू शकतं.

धडधड सुरू असतानाच मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ठोके एका लयीत आहेत की वेडेवाकडे, धडधड एकदम सुरू झाली की हळूहळू, किती वेळ टिकली, हे कागदावर लिहा. पुण्याला पोचेपर्यंत ती थांबली तर कार्डिओग्राम निर्दोष येऊ शकतो. म्हणून सोय असेल त्या जवळच्या सरकारी दवाखान्यात तो लगेच काढून घ्यावा. लय वारंवार बिघडत असेल तर तपासणी टाळू नये. हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

धडधडीसोबत काय होतंय, यावर घाई ठरते. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणं, दरदरून घाम येणं, यांपैकी काहीही असलं तर १०८ला फोन करा. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर साधी वाटणारी धडधडही डॉक्टरांना दाखवा.

विंचू चावल्यावरही हाच नियम. वरंधा घाटापलीकडे महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. विषामुळे हृदयावर होणाऱ्या परिणामांची पूर्वलक्षणं त्यांनी १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली; पुढे प्राझोसिन या गोळीने अनेकांचे प्राण वाचले. दंशानंतर उलटी, घाम, थंडगार हातपाय आणि धडधड दिसली, तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. गोळीचा उपयोग ती वेळेत पोटात गेली तरच आहे.