तंबोऱ्यावरची नक्षी आणि स्वर

वाजत्या गिटारवर चित्र रंगवावे का, या प्रश्नाचे उत्तर सांगली जिल्ह्यातील मिरजेत आधीपासून आहे. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले इथले तंबोरे अगदी साधे क्वचितच असतात. भोपळ्यावर लाकडी पाने बसवतात, कडांवर कोरीव पट्ट्या येतात, दांडी सजते. मात्र तबलीचा, म्हणजे भोपळ्यावरच्या दर्शनी फळीचा, मधला भाग बहुधा मोकळाच असतो. तारांचे कंपन, त्या ज्यावर टेकतात त्या घोडीतून, याच पातळ लाकडात उतरते. तिथे रंगाचा जाड थर दिला की वजन वाढते आणि नाद दबतो. गिटारचेही तसेच. तिच्या दर्शनी फळीची जाडी साधारण 3 मिलिमीटर असते, म्हणून जुने कारागीर नादछिद्राभोवतीच्या वर्तुळात आणि कडांवर कला ओतत. वाद्य ऐकण्यासाठी असते, सजावट कशाला, असे कोणी म्हणेल. पण मैफलीत तंबोरा गायकामागे सतत दिसतो आणि त्याची देखणी घडण कारागिराची ओळख सांगते. इलेक्ट्रिक गिटारचे काय? तिचा आवाज मुख्यतः तारांखालच्या पिकअपमधून येतो, त्यामुळे भरीव अंगावर मनसोक्त रंगवावे. पोकळ अंगाच्या गिटारवर मात्र चित्र पाठीवर, बाजूंवर किंवा कडेला असावे, आणि वरचे पॉलिश पातळ.