विश्लेषण: आधी २५ होमरन, मग फक्त ६... पीट क्रो-आर्मस्ट्राँगचा मोसम खरा किती, फसवा किती?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये शिकागो कब्स संघाचा सेंटर फिल्डर पीट क्रो-आर्मस्ट्राँग याने २०२५च्या मोसमात ३१ होमरन मारले आणि ३५ बेस चोरले. एकाच मोसमात दोन्ही आकडे तिशीपार नेणारा कब्सचा याआधीचा एकमेव खेळाडू म्हणजे सॅमी सोसा. त्याने ही कामगिरी १९९३ आणि १९९५मध्ये केली होती. क्रो-आर्मस्ट्राँग मात्र त्या मोसमात जेमतेम २३ वर्षांचा होता.

पण या ३१ पैकी २५ होमरन जुलैच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऑल-स्टार सामन्याच्या आधीच आले. उरलेल्या अडीच महिन्यांत आले फक्त सहा. मग हा नवा सुपरस्टार म्हणायचा की चार महिन्यांची आतषबाजी?

हा खेळाडू आला कुठून?

क्रो-आर्मस्ट्राँग कॅलिफोर्नियाचा. २०२०च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला पहिल्या फेरीत १९व्या क्रमांकावर निवडलं. २०२१मध्ये मायनर लीगचे अवघे सहा सामने खेळून तो खांद्याच्या दुखापतीमुळे बाहेर बसला. त्याच जुलैमध्ये मेट्सने त्याला कब्सकडे धाडलं आणि बदल्यात लोकप्रिय खेळाडू हावियेर बाएझला घेतलं. बाएझचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

२०२४मध्ये कब्सकडून १२३ सामन्यांत त्याने १० होमरन मारले आणि २७ बेस चोरले. धाव आणि क्षेत्ररक्षण उत्तम, बॅट मात्र यथातथा, असंच तेव्हा त्याचं वर्णन व्हायचं. पुढच्याच वर्षी होमरन तिपटीने वाढले.

घसरण का झाली?

बेसबॉलमध्ये पिचरने स्ट्राइक झोनच्या बाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो. याला 'वॉक' म्हणतात. क्रिकेटमध्ये ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडण्याला जे महत्त्व आहे, तेच इथे वाईट चेंडू सोडण्याला आहे. फरक इतकाच की बेसबॉलमध्ये त्या संयमाचं थेट बक्षीस मिळतं.

क्रो-आर्मस्ट्राँगची दुखरी नस नेमकी हीच आहे. झोनबाहेरच्या दर दहा चेंडूंपैकी चारांहून अधिक चेंडूंवर तो बॅट फिरवतो. लीगमधल्या सर्वसाधारण बॅटरचं हे प्रमाण तीनाहूनही कमी आहे. २०२५मध्ये १५७ सामन्यांत त्याने १५५ वेळा स्ट्राइकआउट होऊन विकेट गमावली, तर वॉक मिळवले फक्त २९. शंभर वेळा बॅटिंगला आला, तर तो सुमारे २९ वेळा बेसवर पोहोचला. लीगची सरासरी ३१-३२ आहे. म्हणजे होमरनचा पाऊस पाडूनही बेसवर पोहोचण्यात तो सरासरीच्या मागेच राहिला.

बाहेरच्या चेंडूमागे धावणाऱ्या बॅटरला पिचर चांगला चेंडू कशाला देईल? पहिल्या काही महिन्यांत अशा चेंडूंवरही क्रो-आर्मस्ट्राँगची बॅट चालली. पुढे पिचरना ते जमेनासं करता आलं. ऑगस्टमध्ये तर त्याच्या बॅटमधून एकच होमरन आला.

मग मोसम फसवा होता का?

नाही, कारण या खेळाडूची निम्मी किंमत बॅटमध्ये नाहीच. सेंटर फिल्डरला मैदानाच्या मागच्या भागातला सर्वांत मोठा पट्टा सांभाळावा लागतो. उंच उडालेला चेंडू कुठे पडेल याचा अंदाज आणि तिथवरची धाव, दोन्हीत क्रो-आर्मस्ट्राँग लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी आहे. सर्वसाधारण आउटफिल्डरच्या तुलनेत त्याने वीसहून अधिक जादा विकेट मिळवून दिल्याचं ट्रॅकिंगचे आकडे सांगतात. नॅशनल लीगच्या सेंटर फिल्डरचं गोल्ड ग्लोव्हही त्यालाच मिळालं.

बॅटिंग, धाव आणि क्षेत्ररक्षण एकत्र मोजणारा 'वॉर' नावाचा निकष आहे. हाताशी सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जादा विजय मिळवून दिले, याचा तो अंदाज असतो. त्यात क्रो-आर्मस्ट्राँगचा आकडा पाच ते सहाच्या दरम्यान आहे. सलग अनेक वर्षं असा आकडा गाठणारे खेळाडू मोजकेच असतात. बॅट रुसली तरी पाय आणि ग्लोव्ह रोज कामावर येतात, हीच त्याची जमेची बाजू.

बाएझची गोष्ट काय सांगते?

क्रो-आर्मस्ट्राँगच्या बदल्यात गेलेला बाएझही असाच मुक्तहस्ताने बॅट फिरवणारा. २०१८मध्ये कब्सकडून त्याने ३४ होमरन मारले आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तो दुसरा आला. त्या मोसमात त्याचे वॉक किती? तेही २९च. पुढे डेट्रॉइट टायगर्सने त्याच्याशी सहा वर्षांचा १४ कोटी डॉलरचा करार केला आणि बॅट आटली. २०२२मध्ये १७ होमरन, २०२३मध्ये ९, २०२४मध्ये ६. संयमाची सवय नसली की हातांचा वेग किंचित कमी होताच उत्पन्न किती झपाट्याने घटतं, हे त्यातून दिसतं.

पण त्याच बाएझने २०२५मध्ये उभारी घेतली, तीही आउटफिल्डमध्ये उतरून. त्या वर्षी अटलांटातल्या ऑल-स्टार सामन्यात एका बाजूने तो आणि दुसऱ्या बाजूने क्रो-आर्मस्ट्राँग, दोघंही सुरुवातीच्या संघात होते.

वाईट चेंडू मारूनही थोर झालेले बॅटर आहेतच. व्लादिमिर गेरेरो सीनियर समोर येईल तो चेंडू मारायचा आणि हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. मात्र त्याचा चेंडू क्वचितच हुकायचा. एकाही मोसमात त्याचे शंभर स्ट्राइकआउट झाले नाहीत. क्रो-आर्मस्ट्राँगकडे ती देणगी अजून तरी दिसलेली नाही.

पुढे काय पाहायचं?

तरुण खेळाडूचं भविष्य जोखताना होमरनची संख्या फसवू शकते. महिन्याभराचा फॉर्म, वारा, नशीब, सगळं तिच्यात मिसळलेलं असतं. बॅटर कोणते चेंडू सोडतो ही मात्र त्याची सवय असते, आणि ती थोड्याच सामन्यांत दिसू लागते. वयाबरोबर बहुतेक बॅटरांचा संयम वाढतो, तर धाव आणि क्षेत्ररक्षण विशीतच शिखरावर असतं. म्हणजे आज जे त्याला तारतंय, तेच तिशीनंतर आधी ओसरेल. त्याआधी बॅटिंगची ही सवय बदलायला त्याच्या हातात काही वर्षं आहेत.

म्हणून पुढच्या मोसमाच्या पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या होमरनपेक्षा वॉककडे लक्ष ठेवलेलं बरं. वर्षाला २९चे ४५-५० झाले, तर कब्सच्या हाती दशकभराचा तारा आहे. ते २९च राहिले, तर अप्रतिम क्षेत्ररक्षण करणारा आणि कधीमधी पेटणारा बॅटर. तोही कुठल्याही संघाला हवाच असतो, फक्त त्याच्यासाठी सुपरस्टारची किंमत मोजताना दहादा विचार करावा लागतो.