ज्याचं त्याचं इंद्रवज्र

या रे, पाय पुसा आणि गादीवर बसा. आज राक्षस नाही, राजा नाही. आज मी स्वतः पाहिलेली गोष्ट.

ऑक्टोबर नुकताच लागला होता. माझ्या एका जुन्या मित्राकडे चार जणांचं सेसना विमान होतं. एकच इंजिन, नाकावर पंखा आणि पंख डोक्यावर, त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसायचं. धुळ्याचं माझं काम आटोपलं तसा तो म्हणाला, ‘‘एसटीनं कशाला जातोस? चल, घरी सोडतो.’’ घर पार्ल्याला, आणि पार्ल्याला लागूनच जुहूचा विमानतळ!

सकाळी सातला उडालो. मालेगाव गेलं, चांदवडचे डोंगर गेले. कांद्याची शेतं, विहिरी, नाशिककडचे द्राक्षांचे मांडव, सगळं लख्ख. कसाऱ्याच्या घाटाशी मात्र जमीनच संपली. कोकणाकडच्या दऱ्या ढगांनी काठोकाठ भरलेल्या, जणू कुणी वाडग्यांत दही लावलंय.

मी उजव्या खिडकीतून खाली पाहिलं. ढगांवरून आमच्याच विमानाची सावली पळत होती आणि तिच्याभोवती रंगांचं कडं! आत निळसर, बाहेर तांबूस, त्याबाहेर आणखी एक फिकट. कमान नव्हे रे, पुरतं वर्तुळ. मी ओरडलोच. मित्र शांतपणे म्हणाला, ‘‘इंद्रवज्र.’’

मग मी डोळे फाडून बघत राहिलो. ढग वर उसळला की सावली मोठी व्हायची, खाली गेला की एवढीशी. कडं मात्र तेवढंच! कारण ते ढगावर रंगवलेलं नसतं. आपल्या डोळ्याशी ठरावीक कोन करून जो प्रकाश परत येतो, त्याचं ते कडं. कोन तोच, म्हणून कडं तेवढंच.

इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांचं. किरण थेंबात शिरतो, मागच्या भिंतीवर आपटतो आणि बाहेर पडतो. ढगातले थेंब फार बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. त्यांच्या कडेला घासून गेलेला प्रकाश जणू प्रदक्षिणा घालतो आणि आल्या वाटेनं सूर्याकडे फिरतो. थेंबाच्या साऱ्या कडेनं परतणाऱ्या या लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे एखादा रंग उठतो, कुठे तोच मावळतो. थेंब जितके बारीक, तितकं कडं मोठं. एका ढगावरून दुसऱ्यावर गेलो आणि कडं अचानक रुंदावलं, तेव्हा आम्ही काहीही न मोजता ओळखलं, इथले थेंब अधिक बारीक आहेत.

हे बघायला विमानच लागतं असं नाही. सूर्य पाठीशी हवा आणि ढग पायाखाली. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा, म्हणून सकाळी दोन्ही जुळून येतं. कर्नल साइक्स नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं तिथली ही वर्तुळं पाहून १८३५ साली छापलेल्या निबंधात त्यांची नोंद केली. आणि स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस डोंगरावर १८९४ च्या सप्टेंबरात सी. टी. आर. विल्सन नावाच्या तरुणानं अशीच कडी पाहिली. त्याला वाटलं, असा ढग आपल्याला प्रयोगशाळेत करता येईल का? त्या हट्टातून मेघपेटी जन्मली. डोळ्यांना कधीच न दिसणारे अणूहूनही लहान कण तिच्यातून जाताना धुक्याची रेघ मागे ठेवू लागले. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं. मला हा माणूस फार आवडतो. डोंगरावर दोन आठवडे राहिला, आणि जे सुंदर दिसलं ते सोडून देववलं नाही त्याला.

आता खरी गंमत ऐका. कड्याचा मध्य कुठे असतो? बघणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीवर. माझं वर्तुळ माझ्या खिडकीभोवती, मित्राचं त्याच्या आसनाभोवती. खांद्याला खांदा लावून बसलो होतो, तरी त्याचं मला दिसणार नव्हतं आणि माझं त्याला.

कल्याणच्या अलीकडे ढग संपले. सावली भातखाचरांवर उतरली आणि रंग गेले. पण सावलीभोवती एक उजळ डाग तसाच धावत होता, थेट वस्तीपर्यंत.

तो डाग तुम्हालाही सापडेल, तोही ज्याचा त्याला. उद्या दव पडलेलं असेल. उन्हं तिरपी असतानाच मैदानातल्या गवतावर जायचं, सूर्याकडे पाठ करायची आणि आपल्या सावलीच्या डोक्याकडे बघायचं. चला, निजा आता. सहाला उठवतो.