गच्चीला रोल किती लागतात?

जुलैत स्लॅबमधून थेंब ठिबकायला लागले की माणूस गच्चीवर जातो, निळी ताडपत्री अंथरतो, कोपऱ्यांवर विटा ठेवतो आणि दिवाळी झाली की डांबराचं काम उरकायचंच, असं ठरवतो. दिवाळीनंतर ठेकेदार येतो, पावलांनी गच्ची मोजतो आणि सांगतो, "सहाशे फूट, म्हणजे सहा ब्रास. सहा रोल बास." या हिशेबात रोल चांगले तीन कमी पडतात. ते कसे, ते बघू.

त्याआधी डांबराबद्दल थोडं. मराठीत या एका शब्दावर आपण दोन वस्तू भागवतो. दगडी कोळशापासून निघतं ते मूळ डांबर. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या त्याच्याच नात्यातल्या. रस्त्यावर आणि गच्चीवर आज जातं ते बिटुमेन. खनिज तेल शुद्ध करून झाल्यावर तळाशी उरणारा हा जड, काळा भाग. पण रस्त्याचं बिटुमेन गच्चीवर चालत नाही. ते साधारण पन्नास अंशांना मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात काळी गच्ची साठच्या पुढे तापते. कठड्यावर लावलेला थर मग हळूहळू खाली उतरतो.

म्हणून छपरासाठी बिटुमेन तापवून त्यातून हवा सोडतात. ते कडक होतं आणि पिंपावर ८५/२५ असे आकडे येतात. यातला पहिला आकडा मऊ पडण्याचा. पितळी कडीत बिटुमेन भरायचं, वर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि सगळं सावकाश तापवायचं. गोळी बिटुमेनला घेऊन २५ मिलिमीटर खाली बसली की तेव्हाचं तापमान नोंदवायचं. दुसरा आकडा सुईचा. शंभर ग्रॅम वजनाखाली, २५ अंश तापमानाला, पाच सेकंदांत सुई किती रुतली ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २५ म्हणजे अडीच मिलिमीटर. हे बिटुमेन गरम ओतून मध्ये फेल्ट घालायची पद्धत जुनी. एका थराला चौरस मीटरमागे दीडेक किलो माल लागतो. सरकारी इमारतींवर ती बरीच झाली. घरावर मात्र भट्टी पेटवणं, उकळतं पिंप जिन्यावरून चढवणं नकोच वाटतं. त्यात चुकून पाणी पडलं तर फेस उसळून बाहेर येतो.

आता घरोघरी दिसतात ते एपीपीचे रोल. बिटुमेनमध्ये एका जातीचं प्लास्टिक मिसळलेलं असतं, त्यामुळे ही शीट उन्हात ओघळत नाही. रोल एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब. चार मिलिमीटर जाडीचा रोल चाळीसेक किलो भरतो.

आता मोजणी. गच्ची ३० फूट बाय २० फूट, म्हणजे ९.१४ मीटर बाय ६.१० मीटर. क्षेत्रफळ ५५.७ चौरस मीटर. त्याला दहाने भागलं की आले ठेकेदाराचे सहा रोल. पण शेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींवर दहा सेंटिमीटर चढायला हव्यात. पहिली पट्टी एक मीटर झाकते, पुढची प्रत्येक फक्त नव्वद सेंटिमीटर. सहा पट्ट्यांत साडेपाच मीटर होतात आणि साठ सेंटिमीटर गच्ची उघडी राहते. म्हणून सात.

शिवाय कठडा राहिलाच. गळती बहुतेक वेळा मधल्या मैदानात नसते, ती असते कठडा आणि गच्ची जिथे मिळतात त्या कोनात. तिथे आधी सिमेंटची गोलाई करून घ्यायची, कारण शीट काटकोनात दुमडली की मोडते. मग कठड्यावर तीस आणि गच्चीवर वीस सेंटिमीटर अशी अर्ध्या मीटरची पट्टी चारही बाजूंनी फिरवायची. परीघ साडेतीस मीटर. एका रोलमधून अशी वीस मीटर पट्टी निघते, म्हणून आणखी दोन. झाले नऊ. उरलेले तुकडे टाकायचे नाहीत. पाण्याचे पाइप, टाकीचे पाय आणि पन्हळीचं तोंड यांना तेच लागतात.

प्रायमरचा हिशेब सोपा. कठड्यासकट ६५ चौरस मीटर आणि लिटरमागे चार-पाच चौरस मीटर. वीस लिटरचा डबा पुरतो. खडबडीत कोबा थोडं जास्त पितो.

प्रायमर लावायच्या आदल्या संध्याकाळी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून गच्चीवर बसवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर काम पुढे ढकलावं. ओल्या कोब्यावर शीट चिकटवली की उन्हात आतल्या ओलीची वाफ होते आणि फुगे येतात.

शीट लावायला सुरुवात उताराच्या खालच्या टोकापासून. कौलं जशी रचतात तशी, वरची खालचीवर. टॉर्चची ज्योत रोलच्या पोटावर फिरते, तिथला प्लास्टिकचा पापुद्रा वितळून चकाकी आली की रोल पुढे ढकलायचा. जोडाच्या कडेने वितळलेल्या बिटुमेनची बारीक, सलग काळी रेघ बाहेर आली पाहिजे. मी काम बघायला गेलो की आधी ही रेघ शोधतो. मध्येच तुटलेली दिसली की तिथे करणीचं टोक घालून बघायचं. सहज आत गेलं तर तेवढा जोड पुन्हा तापवून घ्यायचा. कठड्यावरची वरची कड गिलाव्यात खाच मारून आत दाबायची आणि खाच बुजवायची. नुसती चिकटवून सोडली तर पाऊस तिच्या मागून उतरतो. कंजूषपणा करायचाच असेल तर दुसरीकडे करावा.

शेवटी पन्हळी बुजवून पाच सेंटिमीटर पाणी भरायचं. सहाशे फुटांवर हे वजन पावणेतीन टनांच्या वर जातं, तेव्हा जुना स्लॅब असेल तर आधी इंजिनिअरला विचारावं. कठड्यावर पेन्सिलीने पातळीची खूण करायची आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करायची. दोन दिवसांनी दोन्हींकडे पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजायचं. बादलीतलं गेलं ते उन्हाने नेलं. गच्चीवरचं त्याहून बरंच जास्त उतरलं असेल, तर वर फरशी बसवणाऱ्याला अजून बोलवायचं नाही.