घरांतला समुद्र आणि जिवंत खडक

गोड्या पाण्यांतील मासे कांचेच्या पेटींत पाळण्याची हौस आपल्या सुशिक्षित घरांतून आतां नवी राहिलेली नाहीं. परंतु खाऱ्या पाण्यांतील मासे, आणि तेहि आमच्या दहिवलीसारख्या डोंगरपायथ्याच्या गांवीं पाळावयाचे, ही कल्पना पुष्कळांस विलक्षण वाटेल. दहिवलीच्या कडेनें उल्हास नदी वाहते. तिचें पाणी पुढें वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळतें हें खरें. पण समुद्र कांहीं त्या वाटेनें आमच्या भेटीस येत नाहीं. येथें जो समुद्र हवा, तो घरींच तयार करावा लागतो. तो कसा तयार होतो, त्यांत ‘जिवंत खडका’चें काम कोणतें, आणि तसला खडक विकत घेण्यापूर्वीं गृहस्थानें काय विचार करावा, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा छंद मूळचा परदेशीय. १८५० च्या सुमारास लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं पाणवनस्पति व मासे एकाच भांड्यांत ठेवून त्यांचें जीवन परस्परांच्या आधारें चालतें हें दाखविलें. आणि १८५४ सालीं फिलिप हेन्री गॉस यांच्या ग्रंथामुळें ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. महाराष्ट्रांतील कितीएक कुटुंबांनीं समुद्रांतील मासे कांचेपलीकडे पोहतांना प्रथम पाहिले ते तेथेंच. पण त्या मत्स्यालयाच्या दाराशींच समुद्र होता. घरच्या दिवाणखान्यांत तशी सोय कोठून असणार? या अडचणीवर इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं एका मत्स्यविषयक मासिकांत उपाय सुचविला. समुद्रांतील खडकाचे जिवंत तुकडे टांकींत ठेवावे, हवेचे बुडबुडे सोडावे, आणि पाणी निर्मळ राखण्याचें काम त्या खडकावरच सोंपवावें, असा तो साधा उपाय होता.

प्रथम पाण्याचा विचार करूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील शेकडा ८५ भाग आपलें नेहमींचें मीठ. बाकीच्या भागांत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षार असतात. कोणी विचारील, पेण-उरणकडील मिठागरांतलें मीठ समुद्राचेंच ना? मग तेंच पाण्यांत घातलें तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. मिठागरांत पाणी आटूं लागलें म्हणजे कॅल्शियमचे क्षार आधींच तळाशीं बसतात, नंतर मीठ धरतें, आणि मॅग्नेशियम असलेलें कडवट पाणी शेवटीं मागें राहतें. समुद्राचे हे असे निरनिराळे भाग पडलेले असतात. त्यांपैकीं एकाच भागापासून पुन्हां समुद्र होत नाहीं. म्हणून मत्स्यालयाकरितां मुद्दाम केलेलें क्षारमिश्रणच घ्यावें, तें आर.ओ. यंत्रानें शुद्ध केलेल्या पाण्यांत विरघळवावें, आणि पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास आहे कीं नाहीं हें मापकानें पाहावें. उष्णमान २५-२६ अंश सेल्सियस असावें. पाणी वाफ होऊन कमी झालें तर त्याच्या जागीं गोडें शुद्ध पाणी घालावें, खारें नव्हे. कारण वाफ पाण्याची होते, क्षार टांकींतच राहतात.

आतां खडकाकडे वळूं. माशाच्या श्वासावाटे व मलावाटे, तसेंच उरलेलें अन्न कुजून, पाण्यांत अमोनिया नांवाचें विष उतरतें. समुद्राचें पाणी अल्कधर्मी असल्यामुळें हें विष तेथें अधिकच मारक होतें; नवशिक्यांचे मासे पहिल्या पंधरवड्यांत मरतात, त्याचें कारण बहुधा हेंच. निसर्गांत सूक्ष्म जंतूंची एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, तेंहि विषारीच. दुसरी जात त्याचें नायट्रेट करते, तें पुष्कळच सौम्य असतें. या जंतूंस वस्तीस जागा हवी. ती जागा म्हणजे जिवंत खडक. तो खडक स्वतः जिवंत नसतो; प्रवाळांच्या सांगाड्यांचा तो सच्छिद्र चुनखडक असतो, आणि त्याच्या अंगावर व पोटांत असंख्य जीव राहत असतात, म्हणून त्यास जिवंत म्हणावयाचें. वरच्या थरांत प्राणवायु खेळतो, तेथें वरील दोन्ही जंतु काम करतात. आंत खोलवर प्राणवायु पोंचत नाहीं, तेथें निराळे जंतु नायट्रेटाचा नत्रवायु करून तो हवेंत सोडून देतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण येथें फारसा उपयोगी नाहीं. तो चुन्याचा नाहीं, आणि त्याचें अंग घट्ट असल्यामुळें आंत वस्ती होत नाहीं.

पण समुद्रांतून काढलेला असा खडक विकत घ्यावा काय? माझें उत्तर स्पष्ट आहे: घेऊं नये. संस्कृतांत ज्यांस प्रवाल म्हणतात, ते जीव पिढ्यान्‌पिढ्या आपले सांगाडे रचून समुद्रांत भिंती बांधतात. अंगठींत मंगळाकरितां बसवितात तें तांबडें पोवळें निराळ्या जातीचें. भिंती बांधणारीं प्रवाळें निराळीं. त्यांतील घट्ट बांधणीचीं प्रवाळें वर्षाकाठीं कांहीं मिलिमीटर, फार तर एखाद-दोन सेंटिमीटर वाढतात. ओंजळभर तुकडा तोडण्यास एक क्षण पुरतो; भरून येण्यास आपला नातू म्हातारा व्हावा लागतो. महाराष्ट्रासहि हें धन लाभलेलें आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत प्रवाळें आहेत, आणि मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. विजयदुर्गाच्या पश्चिमेस १०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर, पाण्याखालीं बुडालेलें प्रवाळांचें एक मोठें पठार आहे. आंग्र्यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. भारत सरकारनें २००१ सालीं भित्ति बांधणारीं सर्व प्रवाळें वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घातलीं; वाघास ज्या अनुसूचीचें रक्षण आहे, तीच ही. तेव्हां अशा प्रवाळांनीं युक्त खडक तोडणें वा विकणें हा गुन्हा होय, आणि घेणाराहि त्यांतून सुटत नाहीं. सहलीस गेलेल्या मुलांसहि हें आधींच समजावून द्यावें.

मग करावें काय? आपल्या गृहिणींस याचें उत्तर रोजच्या स्वयंपाकघरांतून ठाऊक आहे. दही लावण्यास हंडाभर दही लागत नाहीं. चमचाभर विरजण पुरतें. तसेंच येथें. सिमेंट व चुनखडीची वाळू यांचा केलेला, अथवा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र कृत्रिम खडक बाजारांत मिळतो. सिमेंटाचा असेल तर तो कांहीं आठवडे पाणी बदलीत भिजत ठेवावा, म्हणजे त्याची तीव्रता जाते. २०० लिटरांच्या टांकीस साधारणपणें २० ते २५ किलो खडक पुरतो. मग कोणाच्या नीट चाललेल्या जुन्या टांकींतील एखादा लहानसा तुकडा किंवा मूठभर वाळू आणून त्यांत टाकावी. हेंच विरजण. पाण्यांत माशांच्या खाद्याची चिमूट टाकीत जावी, म्हणजे जंतूंस अन्न मिळतें. मात्र दही एका रात्रींत लागतें. हे जंतु फार सावकाश वाढतात. चार ते आठ आठवडे लागतात असें धरून चालावें. पाण्याची परीक्षा करण्याचीं द्रव्यें दुकानांत मिळतात; आधीं अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट. पहिलीं दोन्ही शून्यावर येऊन तेथेंच टिकलीं म्हणजे टांकी लागली असें समजावें. मध्यंतरीं कांचेवर तपकिरी शेवाळ धरतें. त्यास भिऊं नये.

मासाहि पैदास केलेलाच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, टांक्यांत वाढविण्याची रीत आपल्या देशांतच सिद्ध केलेली आहे. असा मासा काटक असतो व समुद्रास त्याचा तोटा सोसावा लागत नाहीं. प्रारंभीं एक जोडी पुरे. अन्न थोडें द्यावें, आणि दर पंधरवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. आमच्याकडे पावसाळ्यांत वीज गेली तर टांकींतील हवा थांबते. त्याकरितां बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असावा. २०० लिटरांची टांकी भरल्यावर २०० किलोहून जड होते, म्हणून ती भक्कम चौथऱ्यावर, उन्हापासून दूर ठेवावी. एकत्र कुटुंबांत आणखी एक नियम हवा: खाद्य घालण्याचें काम एकाचेंच असावें. आजोबांनीं घातलें, काकूंनीं घातलें, शाळेंतून आल्यावर मुलांनींहि घातलें, म्हणजे मासे प्रेमानेंच मरतात.

टांकी आणल्या दिवशींच मुलें ‘मासे केव्हां?’ म्हणून मागें लागतात. त्या वेळीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं खंबीर राहिलें पाहिजे. आठ आठवडे नुसतें पाणी व खडक पाहत बसणें मुलांस जड जाईल. पण त्यांच्या हातीं वही देऊन रोजचें माप लिहावयास लावावें. न दिसणारे जीव आपलें काम करीत आहेत हें त्यांस आंकड्यांतून कळूं लागेल, आणि पुढें येणारा मासा ही दुकानांतली वस्तु नसून आपण पत्करलेला एक जीव आहे, ही जाणीव तो येण्यापूर्वींच त्यांच्या मनांत रुजेल.