शेतराखणीला बंदूक कोणती घ्यावी?

रानडुकरांनी उसाचा फड लोळवला की बंदुकीचा विषय निघतोच. "एकच घ्यायची, परवडणारी, तर कोणती?" आमचे मत : बारा बोअरची एकनळी. ठासणीची स्वस्त खरी, पण पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर शिवार ओलांडते, आणि पावसाळ्यात दारू ओलावली की बार फुसका. रायफलीच्या नादी लागू नये. गोळी फार लांब जाते, आणि उसापलीकडे तोडणीची टोळी आहे की काय, कळत नाही.

परवान्याची मात्र गंमत आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीचीच धरली आहे. ती पुरत नाही असे अधिकाऱ्यांना पटले, तरच दुसरी गुळगुळीत नळीची. म्हणून अर्जाला नुकसानीचे पंचनामे जोडावेत. गावी राहणाऱ्यांनी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा. नोकरीनिमित्त उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर शहरात असलेल्यांनी ठाणे पोलीस आयुक्तांकडे. (अंबरनाथच्या आयुध कारखान्यातून थेट बंदूक मिळते, ही नुसती आवई!) 2019 च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो.

आणि परवाना म्हणजे डुक्कर मारायची मुभा नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते, आणि मारलेले जनावर सरकारजमा होते. बिबट्या दिसला म्हणून बार टाकाल तर थेट गुन्हा. फड सोडून बाहेर या आणि वनखात्याला कळवा. भरपाईचा अर्ज वनरक्षकाकडे लगेच द्यावा, पंचनामा होईपर्यंत पडलेला ऊस हलवू नये.